धारचं विरजण

आई, परवा धारजवळच्या तिरला गावच्या शेतातल्या मिरचीच्या देठांवर सापडलेल्या एका जिवाणूचा पूर्ण जीनोम वाचून आला. पोटाला उपकारक ठरतील असे जिवाणू माती, पानं, देठ यांवरून शोधायचे, हेच माझं काम. तू म्हणाली असतीस, "एवढी शिकून शेवटी दहीच लावतेस ना?" तुला जाऊन दहा वर्षं झाली.

देवासच्या क्वार्टरमधलं तुझं स्वयंपाकघर आठवतं. लग्नात आजीनं धारहून दिलेलं विरजण तू एक दिवसही तुटू दिलं नव्हतंस. तिन्हीसांजेला शेजारच्या भाभी वाटी घेऊन आल्या की तू म्हणायचीस, "दियाबत्ती हो गई भाभी, जामन सुबह ले जाना." दिवे लागल्यावर विरजण घराबाहेर द्यायचं नाही, हा तुझा नेम; आणि सकाळी त्या हमखास विसरायच्या. आजी गेल्यावर धारलाही ते कुणी राखलं नाही, त्यामुळे ते विरजण फक्त आपल्याच घरी राहिलं. मी बी.एस्सी.ला असताना तू दोन दिवस माहेरी गेलीस आणि मी बरणीतलं सगळं विरजण डबीत भरून कॉलेजात नेलं, सूक्ष्मदर्शकाखाली बघायला. प्रयोगशाळेत नेण्याआधी प्रत्येक वस्तू निर्जंतुक करायची, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की काचेच्या नळ्यांबरोबर मी ती डबीही वाफेच्या यंत्रात ठेवून दिली. बाहेर आला तो नुसता मेलेला चोथा. सर खो-खो हसले, मला रडू फुटलं.

घरी येऊन मी बरणी घासून पालथी घातली. तू परतल्यावर सांगितलं, भाभींच्या मांजरानं सांडलं. तू बरणी हातात फिरवून पाहिलीस. "मांजर मोठं सुघड हो, घासूनसुद्धा ठेवलंन." म्हणालीस. मग मिरच्यांचे देठ खुडून कोमट दुधात टाकलेस. पहिलं दही पाणचट झालं, तिसऱ्या खेपेला कवडी पडली. "जमलं बघ," म्हणत पहिली वाटी मलाच दिलीस. चव जुनी नव्हती, आणि तू ते कधी बोलून दाखवलं नाहीस.

आज देठावरच्या जिवाणूचं अक्षर न् अक्षर माझ्यासमोर आहे. धारच्या विरजणात काय होतं, ते मात्र आता कुणालाच कळणार नाही. चमचाभर तरी मागे ठेवायला हवं होतं गं. फार वाईट वाटतं.

हा कागद मी त्या जीनोमच्या अहवालाच्याच फाइलीत ठेवते आहे. मांजर नव्हतं, आई. तुला ते तेव्हाच कळलं होतं, आणि तुला कळलंय हे मलाही. तरी तू जाईपर्यंत मी सगळं त्या मांजरावरच ठेवलं.