दसऱ्याच्या पाटावरचा कोळसा

बाबा, यंदा दसऱ्याला तुमचा कोळसा पाटावर ठेवायचा की नाही, या विचारात मी सकाळपासून नुसती बसून होते. लोक विळे-कोयते पुजतात. राजूरला आपल्या घरी मात्र तुमचं खाणीतलं हेल्मेट, बत्ती आणि मुठीएवढा कोळसा असायचा. धुऊन, हळदकुंकू लावून, वर झेंडूचं फूल. तुम्ही गेल्यावरही आईने हे कधी चुकवलं नाही. यंदा आई नाही. मे महिन्यात ती उन्हाने गेली.

मी आता शाळेत भूगोल शिकवते. त्यात हवा तापण्याचा धडा आहे. फळ्यावर मी कोळसा काढते, मग वीजघर, मग धूर. त्या धुरातला वायू विरून जात नाही, वर साचतो आणि उष्णता धरून ठेवतो, असं सांगते. पुढे उन्हाळे आणखी कडक होतील, पाऊस महिनाभर दडी मारेल आणि मग एका रात्रीत शेत खरडून नेईल. मुलं खिडकीबाहेर बघतात. बाहेर कापणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं असतं, आणि 'पुढे' म्हणताना माझीच जीभ अडखळते. परवा एका खाणकामगाराची मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, मंग माया बाबानं वाईट काम केलं का?" मी म्हणाले, "नाही गं. त्यांनी काढला, जाळला आपण सगळ्यांनी." ती बसली, पण मान खालीच. मला फार वाईट वाटलं. तुम्ही आठवलात.

तुम्ही ड्यूटीवरून आलात की मी लांब पळायचे, फ्रॉक काळा होईल म्हणून. एकदाच चिडलात. मोरीत हात घासता घासता ओरडलात, "कायले नाक मुरडून राह्यली वं? याच काळ्यानं तुया अभ्यासाचा बल्ब जळते!" मग जेवताना स्वतःच्या वाटचा गूळ गुपचूप माझ्या ताटात ठेवलात. ते वाक्य खरं होतं, बाबा. आज तेच सलतं.

त्या दुपारी आई कूलरसमोर खाटेवर पडली होती आणि वीज गेली. वर टिनाचं छप्पर. मी ओल्या टॉवेलने तिचं अंग पुसत होते, तर ती म्हणाली, "पोरी, कूलर लाव न वं." वीज गेल्याचं तिला कळतच नव्हतं. दवाखान्यात न्यायला ऑटो बोलावला होता, तो येईपर्यंत तिचं बोलणं थांबलं.

शेवटी मी कोळसा पाटावर ठेवला. कुंकू लावताना बोट काळं झालं, ते अजून धुतलेलं नाही. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. ऑटोची वाट बघताना मी देवाचं नावही घेतलं नाही. बंद कूलरकडे बघत एकच म्हणत होते, वीज येऊ दे. म्हणजे बाबा, मी कोळसाच मागत होते.