आईच्या गालावरचे वण

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी दुकानात काही अडलं की पहिलं तुम्हालाच विचारावंसं वाटतं. आता अडलंय ते असं, की निव्वळ चेहरे साफ करणारं एक सॉफ्टवेअर आलंय, ते घेऊ की नको? आपल्या कामोठ्याच्या स्टुडिओत नुसत्या पासपोर्ट फोटोंवर भागत नाही आता. लग्नाचे अल्बम येतात, स्थळांना पाठवायचे फोटो येतात, आणि प्रत्येक मुलीची आई काउंटरवर वाकून हळूच म्हणते, "मॅडम, जरा स्किन क्लीन करा ना. पण नॅचरल ठेवा हां." नॅचरल म्हणे! जुन्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक पुटकुळी हाताने काढत बसलं की मान आखडते. हे नवीन मात्र चहा उकळेपर्यंत अख्ख्या वऱ्हाडाचे चेहरे गुळगुळीत करून देतं. सध्या फुकट वापरून बघतेय, मुदत परवा संपते. धंदा करायचा तर घ्यायलाच हवं, एवढं मलाही कळतं.

तुम्ही हेच काम पेन्सिलीने करायचात. मी शाळेतून येते, तर तुम्ही त्या तिरक्या काचेवर निगेटिव्ह लावून बसलेले, खालच्या आरशातून उजेड वर येतोय, आणि सुईसारख्या टोकाने तुम्ही कुणाच्या तरी गालावर ठिपके भरताय. एकदा टोक काढताना माझ्याकडून पेन्सिल मोडली तेव्हा केवढे ओरडला होतात, "हात आहे का फावडं?" आईला लहानपणी देवी आल्या होत्या, दोन्ही गालांवर वण. घरातला तिचा एकही फोटो तुम्ही तसा सोडला नाहीत. तुमच्या लग्नाचा फोटो तुम्ही कामाला होतात त्या स्टुडिओच्या शेठनी काढला, तर त्याचीही निगेटिव्ह घरी आणून साफ केलीत. आई ओट्यापाशी फणकारायची, "भिंतीवरची एवढी आवडते तर तिलाच सांगा भाकऱ्या थापायला." आणि तुम्ही म्हणायचात, "तिला कुठं येतात!" मग दोघंही हसायचात.

आता आई विसरते, बाबा. डॉक्टर म्हणाले, जुने फोटो दाखवत जा, बरं वाटेल त्यांना. म्हणून मी तो लग्नाचा फोटो काढून तिच्या मांडीवर ठेवला. तुम्हाला तिने लगेच ओळखलं. बोट ठेवून नुसतं "हे" म्हणाली, लाजली पण. मग शेजारी बघितलं आणि तिचं तोंडच उतरलं. "आन् ही कोण गं भवानी?" मी म्हटलं, अगं, तूच ती. तिने स्वतःच्या गालावरून हात फिरवला, मग फोटोच्या काचेवरून फिरवला. "मला काय खुळी समजलीस? माझं तोंड मला ठावं न्हाई व्हय? ह्यांनी दुसरी केली हुती, आन् तुमी समद्यांनी मिळून लपवलंत माझ्यापास्नं." तेव्हापासून रोज रडते. जेवली ते विसरते, मला कधी कधी ताई म्हणते, पण ही सवत तेवढी विसरत नाही. देवाशपथ सांगून झालं, रागावून झालं, फोटो लपवून झाला. फोटो दिसला नाही तर म्हणते, घेऊन गेली का त्यास्नी? काय करू मी, सांगा ना!

शेवटी त्या सॉफ्टवेअरवाल्यांनाच फोन लावला. म्हटलं, गालावर वण घालता येतात का? तो बिचारा गोंधळला. "मॅडम, काढता येतात." काढता येतात हो, पण परत आणायचे असतील तर? "तसं कुणी मागत नाही, मॅडम." खरंच आहे त्याचं. मग आईला गॅलरीत उजेडात बसवून तिचा आजचा फोटो काढला, आणि दुपारी शटर अर्धं ओढून जुन्याच सॉफ्टवेअरमध्ये तिच्या आजच्या गालावरचा एकेक वण उचलून नवरीच्या गालावर ठेवत गेले. झाल्यावर एक प्रत नव्यात टाकून बघितली, तर मेल्याने क्षणात सगळे पुसून टाकले. अगदी तुमच्यासारखे.

काल तो फोटो तिच्या हातात दिला. कितीतरी वेळ बघत होती. गालावर बोट टेकलं, स्वतःच्याही आणि नवरीच्याही. आणि हसली हो! "ही मी. शालू मामानं आणला हुता." मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की मीच रडायला लागले. तेवढ्यात तिचं बोट सरकत तुमच्यापाशी आलं. "आन् हे कोण?"

तुमच्या चेहऱ्याला मी हातसुद्धा लावला नव्हता, बाबा.

मी म्हटलं, फोटोवाले आहेत. "चांगला दिसतोय माणूस," म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. सॉफ्टवेअर बहुतेक घेईन, दुकान तर चालवायलाच हवं. हे कागद घडी करून तुमच्या पेन्सिलींच्या डब्यात ठेवतेय, पाठवू कुठे? पण एक कबूल करते. तुम्ही कोण ते तिला सांगणं जमलं असतं. मीच नाही सांगितलं. सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, मग आता कुठं हायत ते?