चरबी खाऊन उतरलेलं वजन

३ मार्च, सोमवार
उमरखेडला डॉक्टरकडे. बाजार समितीच्या यार्डाचा चढ चढताना धाप लागते म्हणून मंगलानं ओढतच नेलं. वजन ९६ किलो ४००. डॉक्टर वयानं माझ्या पुतण्याएवढा. म्हणे, तेल बंद, मटण बंद, अंड्याचा पिवळा बंद. दोन महिने बघू, नाहीतर गोळ्या सुरू.
मंगला मान डोलवत होती. येताना एसटीत नुसती खिडकीबाहेर बघत होती. मला माहीत आहे ती काय बघत होती. माझा भाऊ सुधाकर. माझ्याहून चार वर्षांनी लहान. चना काढता काढता बांधावर बसला तो उठलाच नाही. दोन वर्षं होतील.
मी घाबरलो नाही असं लिहिणार होतो. घाबरलो.

४ मार्च
उकडलेला दुधी. कोरड्या पोळ्या तीन. भात. बिनफोडणीचं वरण. मीठसुद्धा घाबरत घाबरत टाकलेलं.
अकरा वाजता कामावर, अडतीत, पोटात कावळे. बिस्किटाचा पुडा अख्खा, तीन चहा. दुपारी चार वाजता परत बिस्किटं. ह्याला पथ्य म्हणतात.

५ मार्च
आज भांडलो. म्हणालो, सुधाकर चरबीनं गेला हे तुला कोणी सांगितलं? दिवसाला दहा चहा, वर तंबाखूचा खर्रा, जेवायला कचोरी. मटण त्याच्या ताटात महिन्यातून एकदा.
मंगला : "मले नका शिकवू. त्याची बायको अजून माया समोर रडते. मले तसं रडायचं नाई."
तरी बोललो. बोलण्यात मी कधी मागे नाही.
ठरलं असं. एप्रिलअखेरपर्यंत मी माझी माय करायची तसंच खाईन. पाच किलो उतरले तर मंगला ताटाबद्दल पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही उतरले तर गोळ्या आणि दुधी, जन्मभर. तिनं गणपतीची नाही, प्रज्ञाची शपथ घ्यायला लावली. प्रज्ञा आमची लेक, यवतमाळला नर्सिंग शिकते.

६ मार्च
सकाळी उपाशीपोटी अडतीच्या काट्यावर उभा राहिलो. ९६.१. कपडे, पट्टा, चपला, किल्ल्यांचा जुडगा, मोबाईल, म्हणजे आमच्या भाषेत बारदाना (रिकाम्या पोत्याचं वजन), १ किलो २०० वजा. निव्वळ ९४.९.
तीन दिवसांत दीड किलो! अजून तर नीट सुरुवातही नाही.
तेवीस वर्षं मापारी आहे, शेतकऱ्यांची पोती तोलतो. ढाणकीच्या यार्डात माझ्या काट्यावर कोणी बोट ठेवून दाखवावं.

८ मार्च
प्रज्ञाचा फोन. "बाबा, आता डॉक्टर लोकपण म्हणून राह्यले, साजूक तूप चालते. पारंपरिक आहार." मी विचारलं, कोणाच्या घरचा पारंपरिक? आमच्या घरात तूप नव्हतं. मी तुपाची वाटी पहिल्यांदा पाहिली ती दुसऱ्याच्या लग्नात, आणि तीही पंगतीत आमच्यापर्यंत येईस्तोवर रिकामी.
आमचं पारंपरिक म्हणजे बोकडाची चरबी. माय ती मंद आचेवर वितळवून बरणीत भरायची, थंडीत पांढरीफेक गोठायची. ज्वारीच्या भाकरीवर बोटभर. जवसाची चटणी, तिच्यात खड्डा करून तेल. तीळ. वजडीचा रस्सा, वर तर्री लाल. त्यांचं तूप पुस्तकात गेलं, आमची चरबी डॉक्टरच्या यादीत. हे मी चालू देणार नाही.
प्रज्ञा हसली. मग म्हणाली, "रक्त तपासून घ्या पण." तपासू.

११ मार्च
नियम माझे मीच केले : साखर नाही, बिस्किट नाही, भात नाही, पोळी नाही. भाकरी एक. बाकी चरबी, अंडी, मटण, जवस, तीळ, पालेभाजी. चहा काळा.
पहिले चार दिवस डोकं धरलं होतं. आज उतरलं. अकराची भूक नाही! दुपारी दोनला आठवण झाली की जेवायचं आहे.
मंगलानं चरबी वितळवताना नाकाला पदर लावला. पण वितळवली, आणि मायसारखीच.

१४ मार्च, धुळवड
मटण. चरबी वेगळी काढून कसायाकडून जास्तीची आणली. सगळ्या गल्लीत वास. शेजारी येऊन विचारतात, पथ्य संपलं का? सांगितलं, हेच पथ्य आहे. हसले. हसा.

२० मार्च
निव्वळ ९३.४.
गफूरभाई आमच्याकडचे जुने हमाल. पोतं पाठीवर घेताना थांबून माझ्याकडे बघत म्हणाले, "भाऊ, पट्टा ढिला हो गया तुमचा." एक भोक आत घेतलंय, खरं आहे. यार्डात सगळ्यांना सांगून झालं. दोन अडतेसुद्धा विचारून गेले, चरबी कुठून आणता. डॉक्टरकीचा बोर्ड लावावा म्हणतो.

२५ मार्च
मंगलाशी पुन्हा. मी म्हणालो, माय चौऱ्याऐंशी वर्षं जगली, चरबीवर.
"तुमची माय डोक्यावर मोळी घेऊन आठ मैल जाये. तुमी खुर्चीत बसून बटनं दाबता."
खरं तेच बोलली, म्हणून जास्त राग आला. उद्यापासून यार्डापर्यंत पायी. गाडी बंद. ह्याला माघार म्हणायची नाही.

२ एप्रिल
९२.३. पायी जातो. चढ आता एका दमात. एका दमात म्हणजे मधे एकदा थांबून, पण चपलेत खडा गेला म्हणून.
हळदीची आवक जोरात. दिवसभर काट्यावर, संध्याकाळी अंग पिवळं. मंगला म्हणाली, नवरदेव आले. पुष्कळ दिवसांनी हसली. ताट वाढताना चरबीचा गोळा तिनंच टाकला, मी मागितला नव्हता.

९ एप्रिल
काटा हलत नाही. ९२.३, ९२.५, ९२.३. आठ दिवस. रोज बघतो. बघू नये. मापाऱ्याला काट्याकडे बघू नको म्हणणं म्हणजे…
दाणे जास्त खातोय बहुतेक. शेंगदाणे आपले म्हणून मूठ मूठ, दिवसाकाठी पायली होईल.

१४ एप्रिल, जयंती
पांढरे कपडे, सकाळी वंदना, संध्याकाळी मिरवणूक. बुंदीचे लाडू ताटंच्या ताटं. एक खाल्ला. जयंतीचा लाडू नाकारायला मी एवढाही मोठा झालो नाही. एकाचे तीन झाले. निळा फेटा बांधून ढोलापुढे तासभर नाचलो, धाप लागली नाही. हे डॉक्टरला कोण सांगेल?
मंगला बायकांत नाचत होती. मधेच बसली, पाय दाबत. म्हणाली, चप्पल लागली.

२२ एप्रिल
निव्वळ ९१.२!
पाच किलो दोनशे. एप्रिलअखेरच्या आठ दिवस आधी. यार्डात गफूरभाईंना मिठी मारली. घरी जाताना अर्धा किलो चरबी घेतली, उघड हातात धरून बाजारातून आलो. मंगलाला वही दाखवली. म्हणालो, वाच. आता तोंड उघडायचं नाही, शपथ आहे.
तिनं वाचली. मी वही परत मागितली तेव्हा म्हणाली, "राहू द्या मायापाशी आजच्या दिवस."
जिंकलो. मग बरं का वाटत नाही.

२३ एप्रिल
सकाळी चहा ठेवून समोर बसली. वही उघडी. बोट ३ मार्चवर.
"हे छ्याण्णव चारशे. डॉक्टरच्या काट्यावर. तवा चपला होत्या?"
होत्या.
"मोबाईल, किल्ल्या? जेवून गेलतो ना आपण?"
गेलो होतो.
"मग त्याच्यातून बारदाना काहून नाई कापला? अन् सहा तारखेपासून रोज कापून राह्यले."
मी वही घेतली. बघत राहिलो. तेवीस वर्षं हात असा चालतो : पोतं काट्यावर, बारदाना वजा, निव्वळ लिही. डॉक्टरकडचा आकडा भरल्या पोत्याचा आणि माझे सगळे निव्वळ. एक किलो दोनशे मी पहिल्याच दिवशी कापूनच उतरवलं होतं, वर उपाशीपोटीचं वेगळं. चरबीनं नाही.
मी म्हणालो, मुद्दाम नाही केलं.
मंगला फुलसावंगीच्या शेतकऱ्याची पोरगी. तिचे वडील दरवर्षी बैलगाडी भरून यार्डात यायचे, काट्यावर पोत्यामागे जास्तीचं कापलं जायचं. म्हणाली, "माया बापाले बी असंच सांगत. मुद्दाम नाई, रीत हाय."
आजवर कोणी बोट ठेवलं नव्हतं. ठेवलं ते घरातच.

२४ एप्रिल
राग अजून आहे. तिच्यावर नाही. तिच्यावरही थोडा.
पण ऐक म्हणालो (मनात) : पट्ट्याचं भोक बारदान्यानं आत गेलं नाही. चढ बारदान्यानं चढलो नाही. काही तरी उतरलंय. किती, ते डॉक्टरच्याच काट्यावर बघू. चपला घालून, किल्ल्या खिशात, जेवून, सगळं ३ मार्चसारखं. आणि रक्तही देतो. घ्या म्हणावं किती घ्यायचं ते.
यार्डात अजून कोणाला सांगितलं नाही. सांगावं लागेल. गफूरभाईंनीही तीळ-चरबी सुरू केली आहे.

२६ एप्रिल, शनिवार
उमरखेड. सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं, मग खाणावळीत दोघं जेवलो, मग वजन. मंगलानं माझे खिसे तपासले, मोबाईल आहे ना, किल्ल्या आहेत ना. काट्यावर चढलो.
९३.२.
तीन किलो दोनशे. पाच नाही. पण तीन दोनशे खरे, तिच्या डोळ्यांसमोर. डॉक्टरही म्हणाला, उतरलंय, चांगलं आहे. काय खाल्लं? सांगितलं. त्याचा पेन थांबला. रिपोर्ट मंगळवारी, तेव्हा बोलू, म्हणे. चरबी वजनात उतरली म्हणून रक्तात उतरली असं नसतं. बरं. मंगळवारी.
उठताना कंपाउंडर म्हणाला, ताई, तुम्हीपण या की. मंगला नको नको म्हणत होती. मीच हाताला धरून उभी केली, गंमत म्हणून.
६९.१.
कंपाउंडरनं आकडा मोठ्यानं वाचला. ती लगेच उतरली, चपला घालू लागली. दिवाळीत प्रज्ञाच्या हॉस्पिटलात बघितलं तेव्हा चौसष्ट होतं. मला आठवतं, कारण तेव्हा मी चिडवलं होतं.
एसटीत खिडकीकडे तोंड. मीच विचारलं.
"चरबी तुमच्यासाठी वितळवली. कढईले जे राहे ते भाकरीनं पुसून मी खाल्लं, फेकू काय? अन् माया भात, पोळी, चहा होताच. तुमच्यासाठी एक सैपाक, मायासाठी दुसरा, असं कोण करते?"
मग म्हणाली, पाय सुजतात संध्याकाळी. जयंतीला चप्पल लागली नव्हती.

२७ एप्रिल, रविवार
दोन महिन्यांची वही पुन्हा वाचली. माझं वजन दहा-बारा वेळा लिहिलंय, ग्रॅमपर्यंत. माझी भूक, माझा पट्टा, माझी धाप. तिचं कालपर्यंत एकदाही नाही. एकाच कढईतलं खात होतो. लाज वाटली, तसंच लिहितो.
तरी चरबी सोडणार नाही. ती वाईट असती तर मी उतरलो नसतो. भात-पोळीवर चरबी, हे मायनं कधी केलं नव्हतं, कारण भात-पोळीच नव्हती घरात. असं मी सकाळी मंगलाला समजावून सांगितलं, चांगलं अर्धा तास.
ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हणजे भात मी सोडू?"
मी म्हणालो, दोघांनी एकच खाऊ.
"अन् मंगळवारी रिपोर्ट खराब आला तं?"
उत्तर असल्यासारखा चेहरा केला, तो तिला ओळखू येतो.
आता दुपारी तिनं माझं ताट वाढलं. भाकरी, जवसाची चटणी, चरबीचा गोळा. स्वतःचं घेतलंच नाही. मी विचारलं, तुझं?
"तुमी ठरवा अगुदर. मंग मी घेतो."
ताट झाकून ठेवलं आणि हे लिहायला बसलोय. तिचं ताट अजून पालथंच आहे. ती थांबली आहे.