कलम हाती घ्या

४ मे
उन्हाळी कार्यशाळांची बैठक. प्राचार्यबाईंनी यादी वाचली: केकची सजावट, सायकल दुरुस्ती, आपल्या कुत्र्याचं मन ओळखा, ताण घालवा. कॉलेज आहे की सर्कस? मी तोंड मिटून बसलो. तोंड मिटून बसणं हाही एक अभिप्राय असतो, पण तो मिनिट्समध्ये येत नाही.

मग बाई माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, तुमच्या साहित्याच्या वर्गात गेल्या वर्षी चार जण होते आणि त्यातला एक त्या खोलीतला हीटर चांगला आहे म्हणून येत होता. या उन्हाळ्यात तुम्ही एक कार्यशाळा घ्या. बारा जण मिळाले आणि शेवटपर्यंत टिकले, तर वर्ग चालू राहील. नाही तर पुढच्या सत्रापासून वर्ग बंद, खोली केकवालीला आणि तुम्ही चौकशीच्या खिडकीत.

चौकशीची खिडकी! टॉयलेट कुठे आहे ते सांगायला मी एम. ए. झालो?

बारा म्हणजे काय मोठंसं. बारा माणसं मी रस्त्यावरून हाक मारून आणीन.

५ मे
कालचं शेवटचं वाक्य खरं नाही. रस्त्यावर मला कोणी ओळखत नाही. निदान स्वतःच्या रोजनिशीत तरी खोटं नको. पण खोडत नाही, कारण वाक्य चांगलं आहे.

८ मे, सकाळी
कार्यशाळेचं नाव ठरलं. ‘सर्जनशील लेखन’ नको. हल्ली ताण घालवणारी बाईसुद्धा सर्जनशील श्वास घ्यायला लावते. एकच शब्द: कलम.

माहितीपत्रकासाठी चाळीस शब्दांची मर्यादा. मी तेवढेसुद्धा वापरले नाहीत:

‘कलम हाती घ्या! धारदार पातं, हलका हात. जुन्या खोडावर नवी फांदी. मुळं परंपरेत, फळं स्वतःची. पाच दिवसांची कार्यशाळा.’

लेखन हा शब्द मुद्दाम एकदाही वापरलेला नाही. ज्याला कळायचं त्याला कळेल.

८ मे, संध्याकाळी
बायकोला वाचून दाखवलं. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, त्यामुळे वाचता येत नाही असं मोकळेपणी कबूल करणारी माणसंच तिला दिवसभर भेटतात. म्हणाली, हे लिहायला शिकवण्याबद्दल आहे, एवढं तरी टाक की कुठेतरी. म्हटलं, आत काय आहे ते खोक्यावर लिहावं लागतं ते केकच्या. ती बरं म्हणाली. तिचं ‘बरं’ मला आवडत नाही.

मी तिच्यावर अन्याय तर करत नाही ना? थोडा वेळ विचार केला. नाही.

२१ मे
माहितीपत्रक छापून आलं. मला सायकल आणि कुत्रा यांच्यामध्ये टाकलं आहे. जागा पुरेना म्हणून ‘परंपरेत’ काढून ‘जुनी’ केलंय. ‘मुळं जुनी, फळं स्वतःची.’ असल्या लोकांच्या हातात कात्री देतंच कोण?

मात्र एक गोष्ट मान्य करायला हवी. बाजूला एक हिरवं पान छापलं आहे. पान! पुस्तकाचंही पान आणि झाडाचंही पान. डिझायनर पोरगा दिसतो मठ्ठ, पण श्लेष त्याला बरोबर सापडला.

कन्येने पत्रक पाहिलं आणि उशीत तोंड खुपसून हसली. काय झालं विचारलं तर म्हणाली, काही नाही हो बाबा, जा तुम्ही, मज्जा येईल. सोळाव्या वर्षी मुलांना वडिलांचा अभिमान असा आडवळणानेच दाखवता येतो.

२७ मे
बारा झाले. एका आठवड्यात!

समाजाला वाङ्मयाची भूक नाही असं मीच वर्षानुवर्षं म्हणत आलो. ते मत आता दुरुस्त करावं लागेल. भूक होती, वाढणारा नव्हता.

२ जून
तेवीस. वेटिंग लिस्ट. केकवालीकडे चौदा.

कॉरिडॉरमध्ये ती भेटली. अभिनंदन केलं. म्हणाली, सर, मीच येऊन बसले असते तुमच्याकडे, माझ्या लिंबाला दोन वर्षं झाली, काही धरतच नाही. लिंबाचा केक असावा. मी अंगठा उंचावून पुढे गेलो.

९ जून
कार्यशाळेला नाव दिलेल्या एका गृहस्थांचा फोन. निवृत्त दंतवैद्य. आवाज करडा, पण माणूस मुळातून साहित्याचा. विचारलं, सुरी स्वतःची आणायची का? पेन्सिल तासायला असावी. म्हटलं, अवश्य, धार मात्र हवी. मग विचारलं, खुंट जुना असला तर चालेल ना? बिचारे स्वतःला खुंट म्हणत होते. मी म्हटलं, खुंट जितका जुना तितका त्यात रस जास्त. खूश झाले.

शेवटी म्हणाले, डोळा भरायचंही शिकवाल का? हा प्रश्न अवघड होता. भावविवशतेचा मला तिटकारा आहे. पण खोटं बोलायचं नाही म्हणून सांगितलं, ते शिकवता येत नाही, तंत्र नीट असेल तर डोळा आपोआप भरतो. ते म्हणाले, आणि कोरडा पडला तर? म्हटलं, सरळ फेकून द्या आणि पुन्हा सुरुवात करा.

असा संवाद आमच्या स्टाफरूममध्ये दहा वर्षांत झालेला नाही.

१४ जून
उद्या सुरू. संकल्प: (१) विद्यार्थ्यांसमोर केकवालीची नक्कल करायची नाही. (२) स्वतःच्या कथा पहिल्याच दिवशी वाचायच्या नाहीत. (३) तिसऱ्या दिवशी वाचायच्या.

१५ जून
खोलीत मातीचा वास.

तेवीस माणसं आणि प्रत्येकापुढे कुंडी. कुंडीत गुलाब, लिंबू, एकाकडे सफरचंदाचं खुरटं रोप. आधी वाटलं, मला भेट आणली आहे. एवढ्या कुंड्या घरी कशा न्यायच्या, हाही विचार करून झाला. मग पहिल्या बाकावरच्या दंतवैद्यांनी कापडाची गुंडाळी उलगडली. आत सुऱ्या, लांबीप्रमाणे लावलेल्या.

कलम म्हणजे झाडाचं कलम. एका झाडाची फांदी कापून दुसऱ्याच्या खोडाला, म्हणजे खुंटाला, बांधायची, ते. तेवीसच्या तेवीस ते शिकायला आले आहेत.

खरं सांगावं का? मी प्रामाणिकपणे दोन्ही बाजूंनी विचार केला. सांगितलं तर तेवीस माणसं चुकीची ठरतात, आणि पहिल्याच दिवशी माणसांना चुकीचं ठरवणं शिक्षकाला शोभत नाही. शिवाय मी कलमाची जाहिरात दिली, ते कलमासाठी आले. यात फसवणूक कुठे आहे?

तेव्हा आज थिअरी, असं जाहीर केलं. जुनं आणि नवं यांचा सांधा या विषयावर दीड तास बोललो. सगळ्यांनी लिहून घेतलं. माझ्या साहित्याच्या वर्गात कोणी कधी लिहून घेतलं नव्हतं. एका बाईंनी विचारलं, सांध्याला प्लास्टिक गुंडाळायचं की मेण लावायचं? म्हटलं, ते अनुभवाने कळतं. त्यांनी ते पण लिहून घेतलं.

१६ जून, सकाळी सहा
पहाटेपासून व्हिडिओ पाहिले. काही कठीण नाही. ज्या कामाला माळ्याचं डोकं पुरतं, ते मला एका सकाळीत यायला हरकत नाही. बाल्कनीतल्या बायकोच्या गुलाबावर सराव केला.

सकाळी सात
त्याला आता गुलाब म्हणता येणार नाही. अंगठ्याला पट्टी.

रात्री
प्रात्यक्षिक झालं. सगळे माझ्याभोवती कोंडाळं करून उभे. खोडाला चीर घेतली, फांदी बसवली, पट्टी गुंडाळली. सुबक दिसत होतं. सगळे पुढे वाकले. मला वाटलं, भारावले.

मग दंतवैद्य चष्मा वर करून म्हणाले, सर, डोळे खाली बघताहेत. फांदीवर जिथून कोंब फुटतो त्या जागेला डोळा म्हणतात. फोनवर ते काय विचारत होते, ते मला आज कळलं. मी फांदी उलटी बसवली होती. म्हटलं, हा एक प्रयोग आहे. ते म्हणाले, मी पेशंटला दात उलटा बसवून प्रयोग म्हणालो असतो, तर आज तुरुंगातून हा कोर्स केला असता.

सगळे हसले. ज्यांना ‘आशय’ आणि ‘आषाढ’ यांतला फरक सांगता येणार नाही, ते मला हसले!

बायकोने गुलाबाचं ते काडीसारखं उरलेलं खोड उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

१७ जून
आज सत्य सांगितलं. सत्याचाच विजय होतो असं मी नेहमी मानतो, आणि दुसरा काही मार्गही उरला नव्हता.

उभा राहून स्पष्ट केलं की ही कार्यशाळा लेखनाची आहे, कलम म्हणजे लेखणी, आणि नियतीने एवढी माणसं एका खोलीत आणलीच आहेत तर त्यांनी ही संधी दवडू नये. माझा अंदाज: निम्मे थांबतील. म्हणजे बारा. काठावर, पण बारा.

मागून कोणीतरी विचारलं, म्हणजे लिहायचं? हाताने? दुसरा म्हणाला, मग ते झाडाचं पान कशाला छापलं? सांध्यावाल्या बाईंनी दोन दिवसांच्या नोट्स टराटरा फाडल्या. दंतवैद्य सुऱ्या गुंडाळताना एवढंच म्हणाले की तुमचं बोलणं ऐकायला बरं वाटलं, भूल दिल्यासारखं.

थोड्याच वेळात खोली रिकामी. फरशीभर माती.

एक बाई मात्र थांबल्या. एक! पण वाङ्मयात संख्येला कोण विचारतो? मी त्यांना माझी सर्वांत मोठी कथा वाचून दाखवली. त्यांनी डोळे मिटून ऐकली. संपल्यावर अभिप्राय विचारला तेव्हा म्हणाल्या, मला न्यायला मुलगा सहाला येणार आहे, बाहेर ऊन फार आहे हो. आणि तुमचा आवाज छान आहे, लगेच डोळा लागला.

प्रामाणिक प्रतिक्रिया. दुर्मिळ.

१८ जून
कोणी नाही. त्या बाईसुद्धा नाहीत. ऊन कमी होतं.

रिकाम्या बाकांसमोर वेळ संपेपर्यंत उभा राहिलो. नियम म्हणजे नियम. तेवढ्यात केकवाली मेजरिंग टेप घेऊन आली. ओव्हन कुठे बसेल ते सहज पाहत होते, म्हणाली. मी ठणकावलं, अजून काही ठरलेलं नाही. ती म्हणाली, नाही नाही सर, सहजच, आणि भिंत मोजली. जाताना कागदात उरलेला केक ठेवून गेली.

खाल्ला. प्रश्न तत्त्वाचा नव्हता, भुकेचा होता. आयसिंग अति गोड. कागदाला चिकटलेलंही तपासून पाहिलं, तेही अति गोड.

२२ जून
प्राचार्यबाईंनी बोलावलं. जाताना एक निवेदन तयार केलं होतं, तीन पानी. पहिलंच पान सुरू केलं तर त्या म्हणाल्या, राहू द्या. साहित्याचा वर्ग बंद. मी म्हटलं, तेवीस जण आले होते. त्या म्हणाल्या, आले होते ना, तेच तर सांगतेय.

आणि मग जे बोलल्या ते जसंच्या तसं टिपून ठेवतो: कॉलेजच्या पत्रकातला मजकूर वाचून लोकांनी आजवर एकदाही आपणहून फोन केला नव्हता. तुमच्या त्या चार ओळी वाचून रांग लागली. लिहिता चांगलं तुम्ही, फक्त शिकवू नका. पुढच्या सत्रापासून सगळ्या कार्यशाळांचा मजकूर तुम्ही लिहायचा.

म्हणजे कॉलेजने माझी लेखक म्हणून नियुक्ती केली आहे. एवढ्या वर्षांनी!

बसायची जागा चौकशीच्या खिडकीत, कारण मोकळं टेबल तिथेच आहे. मधल्या वेळात कोणी काही विचारलं तर तेवढं सांगायचं.

बायकोला बातमी दिली. म्हणाली, म्हणजे खिडकीतच ना? म्हटलं, खिडकीत नव्हे, खिडकीमागच्या टेबलावर. फरक आहे. ती बरं म्हणाली. मग थोड्या वेळाने माझ्या अंगठ्याची पट्टी बदलून दिली. ते कशासाठी, कळलं नाही.

२३ जून
संकल्प: प्रत्येक मजकूर ही एक छोटी कलाकृती झाली पाहिजे. विषय क्षुद्र असला तरी लेखक क्षुद्र असून चालत नाही. सायकल: चक्र, गती, माणसाचं एकटेपण. कुत्रा: निष्ठा आणि तिची मर्यादा. सुरुवात केकपासून, कारण सर्वांत अवघड तेच. ज्याच्याविषयी आपल्याला तिरस्कार आहे त्याच्याविषयी लिहिणं, हीच खरी कसोटी.

केकवालीला फोन करून तपशील घेतले. तिने एका श्वासात सांगितले.

२९ जून
केक पूर्ण. तीनशे शब्द. चाळीस शब्दांची मर्यादा या वेळी पाळलेली नाही, कारण गोडव्याचं क्षणभंगुरत्व चाळिसात मावत नाही. शेवटचा परिच्छेद लिहिताना माझाच डोळा भरला. मी स्वतःवर फिदा तर होत नाही ना? पुन्हा वाचून पाहिलं. नाही, मजकूरच तसा आहे.

१ जुलै
खिडकीतला पहिला दिवस. टॉयलेट कुठे: नऊ वेळा.

दुपारी केकवाली आली. मजकूर उभ्या उभ्या वाचला. छान आहे हो सर, म्हणाली, आणि कानावरची पेन्सिल काढून खिडकीच्या कट्ट्यावरच खोडत गेली. अकरा शब्द ठेवले. प्रामाणिकपणे लिहायचं तर त्या अकरांत दिवस, वेळ, येताना ॲप्रन आणावा, एवढंच आहे, आणि ते तिनेच फोनवर सांगितलं होतं.

मग तिने विचारलं, सर, त्या खोलीची किल्ली कुठे मिळते?

चौकशीच्या खिडकीत, असं मी तिला सांगितलं.

ती उभीच राहिली. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं. उठलो, खुंटीवरून काढली आणि दिली.