गाजराच्या शेतातली माझी जागा

मी, को मालसुन, वय ८१, राहणार सोदोल, जेजू बेट, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. शंका असल्यास गावात कोणालाही विचारा. कोण कधी काय बोलले ते मला सगळे आठवते, हीच तर त्यांची तक्रार आहे.

एका अंगणातली माझी दोन्ही घरे आणि समुद्राकडचे गाजराचे शेत मी थोरल्या सुनेला, योंगसिलला, देत आहे. थोरला गेल्यावरही ती माझ्यासमोरच्या घरात राहिली. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे सासूची चूल वेगळी, सुनेची वेगळी. त्यामुळे एकमेकींच्या हातच्या मिठाबद्दल जे म्हणायचे ते आम्ही मनात म्हटले. सोयाबीनच्या आंबवणाचे रांजणही तिचेच. तिचे आंबवण पातळ होते, निदान माझे तरी जपून वापरावे.

धाकटा मुलगा जेहो सोलला असतो. गेल्या हिवाळ्यात तो एका कॉफीवाल्याला घेऊन आला. त्या गृहस्थाने माझे शेत फितीने मोजले आणि दगडी बांध फोटोला छान आहेत म्हणाला. मी त्यांना वाटेला लावले. पण मी गेल्यावर जेहो शेत विकायला योंगसिलच्या मागे लागेल, आणि ती पडली भिडस्त. म्हणून पुढील तजवीज.

मला त्याच शेतात पुरावे, अगदी मधोमध. शेतात थडगे असणे आपल्याकडे नवे नाही, आणि म्हातारीच्या उशाशी बसून कॉफी प्यायला सोलहून कोणी येणार नाही.

थडग्याभोवतीचा दगडी कठडा शेजारचे मून गीबोक भावोजी रचतील. गावात पहिली वस्ती मून घराण्याची, असे त्यांनी स्मरणिकेत छापून आणले आहे. परवाही ऐकवले, "वहिनी, आमचे पूर्वज राजाने धाडले म्हणून आले. तुमचे आले गलबत फुटलं म्हणून."

मी म्हटले, "राजाने हाकललं होतं भावोजी, सासुरवाडीला नव्हतं धाडलं."

त्यांच्या त्या हद्दपार पंडित पूर्वजाने इथे येऊन कविता केल्या असतील. दगड आमच्या माणसांनी वेचले. आमच्या दोन शेतांमधल्या बांधाचे तळचे दगड आमचे आहेत, वरचे त्यांचे असोत. कठड्याला त्यांनी वरचेच घ्यावेत. आत्म्याच्या जाण्यायेण्यासाठी ठेवतात ती फट त्यांच्या शेताकडे ठेवावी, म्हणजे बांध सरकला का ते मला बघता येईल. ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही म्हणतात, म्हणून भावोजींना मुद्दाम कामाशिवाय काहीच ठेवलेले नाही.

राहिले फाटकाचे तीन दांडे. तिन्ही आडवे असले की घरचे माणूस लांब गेले, एकच असला की जवळपास आहे, हे जेहो लहानपणापासून जाणतो. त्यातले दोन त्याला द्यावेत. जेहो, राग धरू नकोस. तुझी फार आठवण येते, म्हणून तर चिडते.

एक दांडा इथेच राहू दे. मला नेल्यावर योंगसिलने तो आडवा लावावा. मी शेतातच आहे.

सोदोल, ३ मार्च २०१९
को मालसुन (सही व शिक्का)

साक्षीदार:
यांग सुनजा, किराणा दुकान, सोदोल
मून गीबोक, शेतकरी, सोदोल. हरकत नोंदवून सही करतो: पहिली वस्ती मून घराण्याचीच. मात्र कठड्याला दगड तळचे लावीन. त्यासाठी सगळा बांध उतरवावा लागला तरी चालेल.