चेंबरवरचं कुंकू

१ ऑक्टो., बुध.
खंडेनवमी. लॅबमध्ये मशीनपूजा. मी वायरी आवरतेय तोवर तानाजीमामांनी, आमच्या लॅब असिस्टंटनी, पंपाला, लॅपटॉपला आणि थेट माझ्या प्रयोगाच्या स्टीलच्या चेंबरलासुद्धा कुंकू लावलं. ओलं, बोटभर.
"मामा, अवो त्याला न्हाय लावायचं!"
"का? त्यो काय परका हाय?"
माझे गाईड सर हसले. थीसिस १५ ला द्यायचाय.

३ ऑक्टो., शुक्र.
चेंबर तापवून उष्णतेच्या कॅमेऱ्यानं शेवटचे फोटो घेतले. सगळी भिंत निळी, कुंकवाचा ठिपका लालभडक. चार अंश जास्त!! इथं अर्ध्या अंशासाठी दोन वर्षं घासलीत. पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या अतिअचूक घड्याळात असंच चेंबर आहे. आत रेणूंच्या थरथरण्यावर सेकंद मोजतात. भिंतीची ऊब लागली की ती थरथर किंचित सरकते, किती ते माझ्या आकड्यांवरून ठरवून वजा करतात. आणि ह्यांनी कुंकू फासलं.
मामांना नको ते बोलले. "डोकं हाय का न्हाय तुम्हाला?" वडलांच्या वयाचा माणूस. गुमान फडकं घेऊन आले.
"पुसू काय म्याडम?"
"हात लावू नका."

४ ऑक्टो., शनि.
सुट्टी असून लॅब. भिंतीला चिकटलेलं कुंकू भिंतीपेक्षा चार अंश गरम कसं असेल? चिकटवायचे थर्मामीटर लावले. एक कुंकवावर, एक शेजारच्या चकचकीत स्टीलवर.
दोन्हीकडे एकच आकडा. कॅमेऱ्यानं कुंकवावर दाखवलेला. म्हणजे अख्खी भिंतच चार अंश जास्त गरम.
स्टील आपली ऊब कॅमेऱ्याला पुरती दाखवतच नाही, त्यात खोलीचंच प्रतिबिंब दिसतं. त्याची दुरुस्ती मी पुस्तकातला आकडा घेऊन केलेली. आमच्या चेंबरवर एकदाही पडताळली नाही. दोन वर्षं!

५ ऑक्टो., रवि.
घरी. ताट तसंच. आई : "जेवणार हायस का नुसती बघत बसणार?" सांगितलं सगळं. "मग सांगून टाक की सरांना."
एवढं सोपं असतं तर... आकडे पुण्याला जाऊन वर्ष झालं. कुंकू पुसलं तर कुणाला कळणार पण नाही, असं मनात आलं. आलं हे खरं. लाज वाटली.

६ ऑक्टो., सोम.
आधी मामांची माफी मागितली.
"जाऊ द्या वो. पर चुकलं काय हुतं माझं?"
"तुमचं न्हाय, माझं चुकलं. तुमचं कुंकू बरोबर हाय."
"मग ऱ्हाऊ दे न्हवं?"
"राहू दे. अजून चार ठिकाणी लावा, कुंकवावर कॅमेरा खरा आकडा दाखवतो."
डबी आणायला गेले.
सरांना मेल केला. सगळे आकडे चुकलेत, पुण्याला कळवावं लागेल, १५ ला जमणार नाही. तीन ओळी. लिहायला तास गेला.
सर शेजारच्याच खोलीत आहेत. आत्ता त्यांची खुर्ची सरकली.