तिसरी पट्टी

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरलीय, म्हणून बसल्या बसल्याच घातलाय; गोड मानून घे.) तुझा खोकला गेला का? इकडे आम्ही मजेत. म्हणजे आप्पा मजेत, मी नाही, पण ते पुढे येईलच.

उद्या वर्गात काळ्या शाईतले रंग वेगळे करून दाखवायचेत. प्रयोग साधा आहे. गाळणकागदाच्या पट्टीवर, खालच्या टोकाच्या जरा वर, शाईचा ठिपका द्यायचा, टोक पाण्यात सोडायचं आणि गप्प बसायचं. पाणी कागदातून वर चढतं आणि रंगांना सोबत नेतं. कुणी झपाझप पुढे जातो, कुणी रेंगाळतो. (आपण सगळे सहलीला निघतो तसं.) पण मी पडले रसायनशास्त्राची बाई! घरी तालीम करताना पहिल्या पट्टीवर खुणेची रेघ पेन्सिलीऐवजी पेनानेच मारली, तर ठिपक्याआधी रेघच चालू लागली. दुसऱ्या पट्टीचा ठिपका पाण्यात बुडवून पेलाभर काळं पाणी केलं. तिसरीवरची शाई पक्की निघाली, जागची हललीच नाही.

पेन बदलून केलेल्या चौथीवर मात्र काळ्यातून गुलाबी, निळा, पिवळा असे एकेक निघाले. इतकी वर्षं या शाईने मुलांचे गुण मांडतेय, आणि तिच्या पोटात एवढं काही असेल असं कधी मनातही आलं नाही. मला भरूनच आलं. शेजारी आप्पा शिलाई मशीनवर होते, त्यांच्या हातात पट्टी दिली. त्यांनी ती उजेडात धरली आणि म्हणाले, "वा! काय सुरेख रंग निघालेत गं!" मी फुशारले. नंतर पाहते तर घाईत मी त्यांना तिसरी पट्टी दिली होती.

मग एकेक आठवत गेलं. सुई ओवायला मला मारलेल्या हाका. माझ्या काळ्या पँटवर निळ्या दोऱ्याची टीप (मी ती नवी फॅशन समजून शाळाभर मिरवली). गिऱ्हाइकाने परत आणलेला कोट. डोळे दाखवू म्हटलं की उखडतात. मशीन सुटलं तर हा माणूस बसल्या जागी खचेल गं, आत्या. मला फार भीती वाटते.

तुझी भाची

ता. क. : ते ऐकतात फक्त तुझं. डोळे तुझे दाखवायचेत असं सांगून त्यांना सोबत घेऊन जा आणि डॉक्टरांच्या खुर्चीत त्यांनाच बसव. पण ये.

ता. क. : पाकीट चिकटवणार तेवढ्यात आप्पांनी पत्र वाचायला मागितलं. नाही कसं म्हणणार, दिलं. त्यांनी चष्मा लावून सावकाश दोन्ही पानं पाहिली, घडी घातली आणि म्हणाले, "मजेशीर लिहिलंयस. ताई हसेल. माझाही नमस्कार कळव." कळवला.